पावतीची पूजा

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या पुतण्याचा टेक्सासहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते, त्यामुळे तो निवांत असतो आणि मी दाढीच्या फेसात असतो. विषय ठरलेले असतात. माझं ब्लडप्रेशर, तिथला उन्हाळा आणि गावच्या घराच्या कौलांना कोणी किती पैसे घालायचे. तिसरा विषय निघाला की हटकून त्याचं नेटवर्क जातं. त्या रविवारी मात्र त्याने क्रम मोडला.

"काका, एक रायफल घ्यायचा विचार आहे."

'घ्यायचा विचार आहे' हे शब्द आमच्या घराण्यात फ्लॅट, फ्रीज किंवा फार तर संन्यास यांच्यापुढेच ऐकलेले. मी रेझर खाली ठेवला.

"कोणाशी वाकडं आलंय का रे?"

"छे हो! एअरलूम म्हणून घ्यायची. हौसेने मी वापरीन, मग मुलाला देईन, मग तो त्याच्या मुलाला..."

"लूम कशाला घेतोय तो?" स्वयंपाकघरातून सौ. ओरडली. तिचं माहेर इचलकरंजीचं. "म्हणावं, माझ्या भावाने होते तेवढे भंगारात घातले."

एअरलूम म्हणजे माग नव्हे, तर घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत राहणारी वस्तू, असा खुलासा मी केला. त्यावर, "मग त्याला म्हणावं आपलं तांब्याचं घंगाळ घेऊन जा, माळ्यावर जागा होईल," असं उत्तर आलं. वारसा या विषयावर इतकं नेमकं मत मी नंतरही कोणाकडून ऐकलं नाही.

पुतण्या आता तिकडचा रीतसर नागरिक आहे. त्यामुळे दुकानात जायचं, ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरायचा, दुकानदार तिथूनच याच्या चारित्र्याची चौकशी करणार आणि सगळं सरळ असेल तर रायफल गाडीत टाकून घरी आणायची, एवढंच काम. हे तो पेट्रोल भरून आल्यासारखं सांगत होता. त्याची अडचण वेगळीच होती. त्याला तीन रायफली पसंत पडल्या होत्या आणि त्यांतली कोणती नातवंडांच्या योग्यतेची, हे ठरत नव्हतं. ज्याच्यासाठी हा खल चालला होता तो त्याचा मुलगा आठ वर्षांचा. मागे सोफ्यावर उलटा लोंबकळत तो दही खात होता.

पहिली अगदी नवी. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, पाऊस लागू दे की ऊन, ढिम्म फरक पडायचा नाही. नेम असा की दोनशे यार्डांवरचा लाडू फोडील. किंमतही तिघींत कमी. "पण काका, तिला बघून काही वाटतच नाही," पुतण्या म्हणाला. चांगल्या वस्तूबद्दल एवढी जुनी तक्रार ऐकून तो आमच्याच घरातला असल्याची खात्री पटली.

दुसरी विंचेस्टर कंपनीची, मॉडेल ७०. हे मॉडेल १९३६ साली निघालं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोरलेली चौकटींची नक्षी, निळसर झाक असलेलं पोलाद. पण ती १९६४च्या आधीची असली तरच मान. कारण १९६४ साली कंपनीने खर्च वाचवायला घडण बदलली. नक्षी कोरण्याऐवजी दाबून उमटवली आणि आतल्या भागांतही काटकसर केली. तेव्हापासून शौकीन लोक रायफलीच्या जन्मसालाची चौकशी करतात आणि '६४च्या आधीची' म्हटलं की आवाज खाली आणतात. एका ठरावीक वर्षानंतर जगाची घडण बिघडली असं मानणारे लोक फक्त पुण्यात राहतात, असा माझा आजवर समज होता.

तिसरी विंचेस्टरचीच, पण मॉडेल ९४, म्हणजे १८९४ सालच्या घाटाची. जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने तिची रचना केली. चापाखाली एक कडं असतं, ते हाताने खाली-वर केलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. घोड्यावरच्या अमेरिकन सिनेमांत खटॅक-खटॅक करतात ती ही. अशा सत्तर लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. याने पाहिलेली वापरलेली होती आणि तिच्या दस्त्यावर वीतभर लांब ओरखडा होता.

"ओरखडा कशाचा?" मी विचारलं.

"दुकानदाराला माहीत नाही. आधीचा मालक वारला. मुलाने सगळं एकदम विकून टाकलं."

म्हणजे एका घराण्याचा वारसा संपला होता आणि त्याच्या ओरखड्यासकट दुसऱ्याचा सुरू व्हायच्या बेतात होता.

"तुम्हीच सांगा काका, कोणती घेऊ? आपल्या घरात बंदूक आहे. तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव! मी तोंडावरचा वाळलेला फेस धुऊन आलो आणि त्याला अनुभव सांगायला बसलो.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरी जी आहे ती रायफल नव्हे. रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, त्यांतून गोळी गरगर फिरत सरळ जाते. आमच्या नळीला आतून काहीही नाही. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूला कुठे जायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य असतं. ही ठासणीची बंदूक. परवान्यावर तिचं नाव 'एस.बी.एम.एल.' असं आहे, म्हणजे एका नळीची, तोंडाकडून भरायची. आजोबांच्या नावापुढे ही अक्षरं वाचून पोस्टात नवीन आलेल्या मास्तरांनी त्यांना काही दिवस 'वकीलसाहेब' म्हटलं होतं. आजोबांनीही दुरुस्ती केली नाही.

परवाना शेती संरक्षणासाठी. कोकणात शेती करणारा माणूस ती रानडुक्कर आणि वानर यांच्याशी निम्म्या वाट्याने करतो. पेरणी, लावणी, बेणणी आपली, कापणी त्यांची. त्यावर उपाय म्हणून सरकारने ही बंदूक दिली. ती भरायची रीत अशी: आधी मापाने दारू ओतायची. मग नारळाच्या सोडणाचा काथ्या कोंबून गजाने ठासायचा. त्यावर छर्रे. त्यावर पुन्हा काथ्या, ते घरंगळू नयेत म्हणून. पुन्हा गज. मग घोडा उचलून खाली केप बसवायची. पावसाळी हवेत दारू सर्दावलेली असली तर हे सगळं उपसून पहिल्यापासून. आजोबांचा हात सराईत होता, तरी पाच मिनिटं लागत. आमच्या आगरातल्या वानरांना या पाच मिनिटांचा अचूक अंदाज होता. काथ्याचा पहिला बोळा आत जाईपर्यंत ती निवांत खात. दुसऱ्या बोळ्याला पोरं पोटाशी घेत. केप बसवताना टक् असा आवाज येई, तेव्हा हुप्प्या एक शहाळं पाडून शेजाऱ्यांच्या हद्दीत उडी मारी. मग आजोबा आभाळात बार काढत. शेजाऱ्यांचे आणि आमचे संबंध कशामुळे बिघडले असं कोणी विचारलं, तर दोन्ही घरं बांधाचं कारण सांगतात. खरं कारण वानरांची ये-जा हेच आहे.

या बंदुकीने काय काय मारलं, याची यादी छोटी आहे. खालच्या घरातली पाण्याची एक घागर. आमच्याच परसातला एक फणस, तो कापा होता म्हणून जास्त हळहळ. आणि एक वाघ. वाघाबद्दल मतभेद आहेत. माझ्या लहानपणी तो बिबट्या होता. आजोबा साठीचे झाले तेव्हा त्याला पट्टे आले. सत्तरीत तो नऊ फुटी झाला. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "उदमांजर हो! ते पण पळालं."

पण घराण्याच्या खऱ्या इतिहासात नोंद आहे ती झेंडूच्या फुलाची.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे कोयता, विळी, कुऱ्हाड, वडिलांचा गुणिले-भागिलेच्या तक्त्यांचा कंपासबॉक्स आणि ही बंदूक. भात पिकलेलं, रात्री डुकरं उतरलेली. आजोबांनी पहाटे बार भरून ठेवला होता, पण डुकरं पुन्हा न आल्याने तो नळीतच राहिला. आजीला याची कल्पना नव्हती. तिने सोवळ्यात बंदूक पाटावर घेतली, घोड्याला हळदकुंकू लावलं, चापावर अक्षता टाकल्या, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं आणि त्या नळीच्या समोर बसून यथासांग निरांजन ओवाळलं. भरलेल्या बंदुकीला पेटत्या वातीने ओवाळणारी ती आमच्या पंचक्रोशीतली एकमेव बाई असावी. तेवढ्यात परसात हूप असा आवाज आला. आजोबा धावले, पाटावरून बंदूक उचलली, मागचं दार उघडलं आणि बार काढला.

मी सात वर्षांचा होतो. मोठा धूर झाला आणि त्या धुरातून पिवळ्या पाकळ्या सावकाश खाली आल्या. समोर पोफळीवर हुप्प्या बसला होता. पाच मिनिटांचा हिशोब चुकल्याने तो जागीच राहिला होता आणि त्याच्या खांद्यावर झेंडूची एक पाकळी होती. आजीने चौकटीतून ते पाहिलं आणि हात जोडले. मारुतीरायावर पुष्पवृष्टी झाली होती. त्यानंतर आजोबांनी वानरावर बंदूक उचलल्याचं मला आठवत नाही. तशी हिंमत आजीने ठेवलीच नाही.

"काका, ही गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नव्हती," पुतण्या म्हणाला. मागे सोफ्यावरचं पोरगं सुलटं झालं होतं.

"तुझं नेटवर्क जातं ना," मी म्हणालो आणि कागदपत्रांकडे वळलो.

वडील गेले तेव्हा आम्हा पाच भावंडांत वाटण्या झाल्या. घराच्या पडवीवरून वाद झाला, विहिरीच्या रहाटावरून झाला. एका हापूसच्या कलमासाठी सोळा वर्षं तारखा पडल्या, शेवटी ते कलमच वठलं. पण बंदूक वारसाने एकाच्या नावावर करायची, तर बाकीच्यांची 'आमची हरकत नाही' अशी लेखी संमती लागते. त्या चार सह्या मला चार दिवसांत मिळाल्या. धाकटी बहीण तर मुंबईहून रातराणीने सही करायला आली. भावंडांतल्या प्रेमाचा तो एकमेव लेखी पुरावा माझ्या फायलीत आहे. उशिरा कळलं, की माझ्याआधी या सगळ्यांनी नियम वाचले होते.

नियम असे. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची असे, २०१९च्या दुरुस्तीने ती पाच झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरलं, वारशाने आलेलीही त्यातच धरून. सरकारच्या मूळ मसुद्यात तर एकच होती. तेव्हा देशातल्या संस्थानिकांच्या वाड्यांतून काळजीचं वातावरण पसरलं असेल. आमच्या पडवीत नाही पसरलं, कारण एक सांभाळतानाच आमचा श्वास लागतो. नूतनीकरणाचा अर्ज, फोटो, देशभराच्या यादीतला बंदूकधाऱ्याचा नंबर, पोलिसांचा अहवाल आणि शरीराने व मनाने धडधाकट असल्याचा डॉक्टरी दाखला. दाखल्यासाठी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, डोळे तपासले, मग विचारलं, "बंदूक चालते का?"

"गेल्या वीस वर्षांत चालवली नाही."

"मग कशाला ठेवलीत?"

मला उत्तर सुचेना. डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मानसिक तपासणी म्हणतात ती हीच असावी. मग त्यांनी सही केली, पण फी वाढवून घेतली.

आणि निवडणुका! आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. लोकशाही जितकी खोल रुजली तितकं आमच्या बंदुकीचं ठाण्यातलं वास्तव्य वाढलं. जुन्या चादरीत गुंडाळून मी ती घेऊन जातो. ठाण्यातली माणसं तिला ओळखतात. "आली का माहेरवाशीण?" असं म्हणून हवालदार पावती लिहितात. निकाल लागून गुलाल उतरला की पावती दाखवून सोडवून आणायची. माहेरी तिची तब्येत सुधारलेली असते, कारण तिथे घुशी नाहीत.

खरा पेच पडला तो खंडेनवमीचा. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वर्षी राज्याच्या विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात होती आणि तिन्ही वेळा दसरा आचारसंहितेत सापडला. पाटावर कोयता आहे, विळी आहे, बंदूक ठाण्यात. २००९ साली मी सौ.ला म्हटलं, एक वर्ष राहू दे. ती म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलंय, एक वर्षही चुकवायचं नाही." आणि तिने फायलीतून ठाण्याची पावती काढली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. निकालानंतर मी ती पावती घेऊन गेलो तेव्हा हवालदारांनी कुंकवाने माखलेला गोल शिक्का पाहिला. माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता पावती कपाळाला लावली आणि बंदूक आणून दिली. पुढच्या दोन्ही निवडणुकांत सौ.ला विचारावंही लागलं नाही.

आता पाळी माझी आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झालं, की त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावे करता येतं, अशी नियमांत सोय आहे. पंचवीस माझी केव्हाच भरली. मी मुलाला विचारलं. त्याने बंगळूरहून "बाबा, तुम्ही अजून ठणठणीत आहात" असं सांगितलं. माझ्या प्रकृतीविषयी एवढा विश्वास त्याने कधी दाखवला नव्हता. मुलगी म्हणाली, "मला द्या, पण पावत्यांसकट."

पुतण्या हे सगळं ऐकून गप्प झाला होता.

"एवढ्या त्रासाची वस्तू विकत का नाही तुम्ही?"

"ती घेणार कोण? आणि विकली तर झेंडूची गोष्ट सांगताना बोट कुठे दाखवायचं?"

"पण काका, नामवंत रायफल असती तर गोष्ट वेगळी होती."

मग मी त्याला जिम कॉर्बेटची सांगितली. १९०७ साली कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. त्याबद्दल त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. एवढी नामवंत रायफल, पण कॉर्बेटला मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर ती कोणाकडे गेली? ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे. म्हणजे प्रकाशकाकडे! लेखकाची चांगली वस्तू शेवटी प्रकाशकाकडे जाते, हे मला ऐकल्याबरोबर खरं वाटलं. तेव्हा नामवंतपणाच्या नादी लागू नकोस.

"मग घेऊ कोणती?"

"हे बघ," मी म्हटलं, "आजोबांनी आयुष्यात एखादा बार नेमका मारला असेलही. तो कोणाला आठवत नाही. घागर आठवते, फणस आठवतो, उदमांजर आठवतं. वस्तू बिनचूक असली की तिच्याबद्दल 'चांगली होती' एवढंच बोलता येतं, आणि एका वाक्यावर तीन पिढ्या निघत नाहीत. तुझी ती प्लास्टिकची कधी चुकायची नाही, म्हणून बाद. दुसरीच्या चुका कंपनीने १९६४नंतर केल्या, त्या तुझ्या नव्हेत. तिसरीला निदान एक ओरखडा तयार आहे."

त्याने तिसरी घेतली. पुढच्या रविवारी कळलं की पहिल्याच दिवशी मैदानावर त्याचा अंगठा त्या कड्यात चिमटला, वीस गोळ्यांत कागदाचं लक्ष्य कोरंच राहिलं आणि पोराने ही हकिगत शाळेत 'माझे वडील' या विषयावर सांगितली. मी अभिनंदन केलं. तो जरा नाराज दिसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा कॉल आला. रायफल त्याने लोखंडी तिजोरीत ठेवली होती. तिकडे घरात मूल असलं की शहाणे लोक असं करतात आणि ते बरोबरच आहे. सून साडी नेसून, ताट घेऊन तिजोरीपुढे उभी. पण तिजोरीच्या आकड्यांचं बॅटरीवरचं कुलूप बंद पडलेलं आणि जोडीची किल्ली जपून ठेवायची म्हणून याने आतच ठेवलेली.

"काकू, आता काय करायचं?" सुनेने विचारलं.

सौ.ने मला बाजूला सारून फोन हातात घेतला. "काही अडत नाही. दाराला हळदकुंकू लाव. फूल आहे ना? ठेव वर."

आमची बंदूक त्या दिवशी घरातच होती. पाटावर तिच्या शेजारी सौ.ने सवयीने ठाण्याची जुनी पावतीही मांडली होती. तिकडे सुनेने बंद दाराला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. पोरगं बापाच्या कानाशी लागलं.

"काय म्हणतोय रे?" मी विचारलं.

"विचारतोय, आत खरंच आहे का."

मी सौ.कडे पाहिलं. ती पावतीवरचं कुंकू सारखं करत होती.

"सांग त्याला," मी म्हटलं, "आली एकदाची घराण्यात."